भंगार चालेल, अर्थिंग नवं हवं

हल्ली आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी मला एखादा व्हिडिओ पाठवतं. प्रकार ठरलेला. मोटरसायकलच्या मागे कोळपं जोडलेलं असतं, नाहीतर टेबलफॅनला मडकं बांधून त्याला 'देशी एसी' म्हटलेलं असतं, मागे कुठलंतरी गाणं वाजत असतं आणि खाली लिहिलेलं असतं : 'जुगाड'! पाठवणारे प्रेमानं पाठवतात. मला भंगारातून वस्तू करायचा नाद आहे हे सगळ्या गोतावळ्याला माहीत आहे. आता प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच इथे लिहून टाकतो. मंडळी, मला हा शब्द आवडत नाही.

आवडत नाही म्हणजे शब्दावर राग नाही. पण या एका पोत्यात आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी भरतो. एक म्हणजे टाकून दिलेल्या वस्तूची नीट पारख करून, तिला दुसऱ्या कामाला लावून केलेली वस्तू. दुसरी म्हणजे आजचा धोका उद्यावर ढकलून वेळ मारून नेणं. पहिलीला डोकं लागतं, दुसरीला नशीब लागतं. आणि टाळ्या मात्र दोन्हींना सारख्याच.

आमच्या नांदेडच्या घरामागे एक पत्र्याचं शेड आहे. त्यात काय आहे म्हणाल तर एक हातड्रिल, एक हॅकसॉ, दोन-तीन कानशी, पक्कड, पान्यांचा एक सेट (त्यातला चौदा नंबर कायम हरवलेला), एक व्हाइस आणि एक सिरीज बोर्ड. वेल्डिंग मशीन नाही. वेल्डिंगचं काम निघालं की बाहेरून करून आणतो. एवढ्यात भरपूर होतं. व्हाइस ज्या टेबलाला लावलाय ते टेबल सागवानी आहे आणि ते लाकूड लातूर जिल्ह्यातल्या एका जुन्या घराच्या माळवदाचं आहे. आमचं सासर तिकडचं, म्हणून हे नांदेड-लातूर जाणं-येणं. वाटेत लोहा लागतं. भंगाराच्या नादी लागलेल्या माणसाच्या वाटेवर याच नावाचं गाव असावं हा योग भारीच, पण ते असो.

माळवदाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, कारण माझं म्हणणं तिथूनच सुरू होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा माणसं मेली ती मुख्यतः घरांखाली. जाडजूड दगडी भिंती, मधे मातीचा गिलावा, आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुतेक घरांत नाही, आणि डोक्यावर मातीचं वजनदार माळवद. भिंती फुगल्या आणि फुटल्या. पण कितीतरी ठिकाणी आतला लाकडी सांगाडा, म्हणजे खांब आणि तुळया, भिंती पडल्यावरही उभा होता. पुढे लोकांनी ती लाकडं काढली, वापरली, विकली. त्याच घरातलं लाकूड घ्यायचं, पण ती भिंत पुन्हा तशी रचायची नाही. जुन्यातलं काय उचलायचं आणि काय तिथेच सोडायचं, ही निवड जमली नाही तर भंगारकामात पडूच नये असं मला वाटतं. बाकी कौशल्य हळूहळू येतं.

आता कूलरकडे येतो. उन्हाळ्याच्या तोंडावर सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच होते.

आपल्याकडे कूलर घरी करणं अवघड नाही. खोकं कशाचंही चालतं. जुन्या पत्र्याच्या टाकीचं, लोखंडी कपाटाचं, बंद पडलेल्या फ्रीजच्या बॉडीचं. तीन बाजूंना जाळी, जाळीत गवताच्या ताट्या, वर भोकं पाडलेला पाइप, तळाला पाणी, पाण्यात छोटा पंप आणि समोर एक्झॉस्टचा पंखा. पंखा बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढतो, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता घेते, आणि आत गार हवा येते. एप्रिल-मे मध्ये आपली हवा इतकी कोरडी असते की हा प्रकार झकास चालतो. मृगाचा पाऊस झाला की तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो, कारण दमट हवेत पाण्याची वाफ फारशी होतच नाही. (दरवर्षी जूनमध्ये एक तरी फोन येतो, 'कूलर बिघडला'. कूलर बिघडलेला नसतो हो, ऋतू बदललेला असतो. आणखी एक : खिडकी बंद करून कूलर लावू नका. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट लागते.)

या सगळ्यात भंगाराला भरपूर वाव आहे. खोकं भंगारातलं, जाळी भंगारातली, स्टँडचे अँगल भंगारातले. पंखासुद्धा जुना घ्या, काही हरकत नाही. देगलूर नाक्याच्या बाजूला मी ज्या चाचांकडून मोटरी घेतो ते स्वतःच सांगतात, "साब, पुराना है पर तांबा असली है." आणि ते खरंही असतं. जुन्या मोटरीत तांब्याची वाइंडिंग भरघोस असते, बेअरिंग बदललं की अजून दहा वर्षं चालते.

पण तांबं असली असलं तरी त्यावरचं इन्सुलेशन म्हातारं झालेलं असतं, आणि कूलर ही घरातली सगळ्यात वाईट जागा आहे. विचार करा, लोखंडी डबा, त्यात पाणी, त्यात वीज, ओली फरशी आणि पाण्याची बादली घेऊन अनवाणी उभा असलेला माणूस. वीज माणसाला कशी मारते याची चित्रासहित माहिती द्यायची असती तर याहून चांगलं चित्र काढता आलं नसतं. मराठवाड्यात आणि विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात. त्यात बऱ्याचदा पाणी भरणारी बाई असते, नाहीतर खेळता खेळता हात लावलेलं लेकरू. आमच्या ओळखीच्या एका घरात असं झालंय. त्या घराबद्दल इथे जास्त लिहीत नाही. कूलर नवीनच होता, विकतचा होता, एवढंच सांगतो. म्हणजे दोष भंगाराचा नव्हता. भिंतीतल्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकाच्या मागे वायरच नव्हती.

तिसरं भोक, म्हणजे वरचं मोठं. त्याला अर्थिंग असतं असं आपण धरून चालतो. जुन्या घरांत, वाढवलेल्या खोल्यांत, भाड्याच्या पत्र्याच्या खोल्यांत ते कित्येकदा नुसतं भोकच असतं. आणि जिथे असतं तिथेही एक गंमत आहे, जी मला स्वतःला कळायला बरीच वर्षं लागली. अर्थिंगचा खड्डा जमिनीतल्या ओलाव्यावर चालतो. आपली काळी माती उन्हाळ्यात वाळते, आकसते, भेगा पडतात, पाइपपासून सुटते. म्हणजे ज्या दोन महिन्यांत कूलर रात्रंदिवस चालतात, नेमकं त्याच दोन महिन्यांत अर्थिंग सगळ्यात कमजोर असतं. खड्ड्यात कोळसा-मीठ घालतात आणि उन्हाळ्यात पाणी ओततात ते काही उगाच नाही. आमच्याकडे मार्च लागला की तुळशीबरोबर अर्थिंगच्या खड्ड्यालाही तांब्याभर पाणी मिळतं. बायको म्हणते, दोन्हींना हळदीकुंकू वाहा एकदा.

दुसरा गैरसमज एमसीबीचा. "आमच्याकडे नवीन बोर्ड आहे, एमसीबी आहे, काही होत नाही." अहो, सोळा अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसाला मारायला एका अँपिअरचा दहावा भागसुद्धा पुरेसा आहे. तेवढ्यानं एमसीबी ढिम्म हलणार नाही. माणसासाठी वेगळी वस्तू असते, आरसीसीबी. आत गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांची ती सतत तुलना करते. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा करंट भलत्याच वाटेनं जमिनीत चाललाय असं दिसलं, की सेकंदाच्या काही भागात वीज तोडते. अर्थिंग कमजोर असलं तरी ती आपलं काम करते. पण म्हणून अर्थिंग नको असं नाही. अर्थिंग असलं तर डब्यात करंट उतरल्याबरोबर वीज तुटते, नसलं तर ती माणसाचा हात लागेपर्यंत वाट बघते.

आमच्या घरी ही आरसीसीबी बसवली तेव्हा तिचे पैसे त्या अख्ख्या कूलरपेक्षा जास्त झाले. शेजारचे काका म्हणाले, "मग फायदा काय झाला भंगाराचा?" फायदा हाच झाला ना! खोक्यात, जाळीत, पंख्यात जे वाचले ते तिथे लावता आले.

जुनी मोटर घेतली की मी आधी सिरीज बोर्डवर बल्ब लावून बघतो. एक टोक वाइंडिंगला, एक बॉडीला. बल्ब नुसता मिणमिणला तरी ती मोटर परत. पण बल्ब न लागणं म्हणजे सगळं ठीक असंही नव्हे. थोडीशी गळती बल्बला दिसत नाही, ती माणसाच्या अंगाला दिसते. म्हणून रिवाइंडिंगवाल्याकडे नेऊन मेगरवर तपासून घेतो. पाचशे व्होल्टवर एक मेगाओहमच्या खाली काटा आला तर ती मोटर कूलरला नाही. सुकवून, वार्निश करून सुधारली तर ठीक, नाहीतर तांब्याच्या भावानं चाचांना परत. ते हसतात, पण घेतात.

लातूरकडच्या मंडळींना ड्रमबद्दलही सांगायचंय. २०१६ चा उन्हाळा आठवतो ना? एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं लातूरला. त्या वर्षी दिसेल त्या भांड्यात लोकांनी पाणी साठवलं आणि दोनशे लिटरचे निळे ड्रम घरोघरी आले. ड्रम उत्तमच. मी त्यांचे कूलर केलेत, कचऱ्याचं खत करायला वापरलेत, उभा कापून कुंड्या केल्यात. पण त्या ड्रममध्ये आधी काय होतं, हा प्रश्न त्या टंचाईत कोण विचारणार होतं? प्लास्टिक काही पदार्थ पिऊन घेतं. साबणानं कितीही घासा, वास गेला म्हणजे ते गेलं असं नसतं. कुठल्या कारखान्यातून आला हे सांगता येत नसेल, लेबल खरवडून काढलेलं असेल, तर त्यात पिण्याचं पाणी नको आणि त्याचा कूलरही नको, कारण त्या पाण्याची वाफ तुम्ही रात्रभर श्वासात घेणार असता. खाण्याच्या पदार्थांचे ड्रम वेगळे मिळतात. ते थोडे महाग पडतात, आणि मी ते घेतो.

खरी कसबाची वस्तू कशी असते त्याचं उदाहरण द्यायचं तर मी सायकल कोळप्याचं देईन. आता आपल्याकडे सोयाबीनच्या, भाजीपाल्याच्या रानात ते इतकं दिसतं की कुणीतरी ते पहिल्यांदा केलं असेल हेही आपल्या मनात येत नाही. जळगाव जिल्ह्यात शेंदुर्णीच्या गोपाळ मल्हारी भिसे या शेतकऱ्यानं जुन्या सायकलपासून असं कोळपं केलं, त्याला 'कृषिराजा' नाव दिलं आणि अहमदाबादच्या नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशननं त्याची दखल घेतली. बघायला गेलं तर त्यात आहे काय? पुढचं चाक, हँडल, आणि मागे लोखंडी पास. पण हे करून बघा म्हणजे कळेल. पास जरा जास्त तिरपी झाली की मातीत रुतते आणि हँडल पोटात लागतं. जरा सपाट झाली की तणावरून नुसती घसरते. हँडलची उंची ढकलणाऱ्याच्या कंबरेला जुळावी लागते, नाहीतर संध्याकाळी पाठ धरते. वाफसा नसेल तर काळी माती चाकाला गुंडाळते आणि मग ते कोळपं राहत नाही, चिखलाचा गोळा होतो. मी सासऱ्यांसाठी एक केलं तेव्हा पासेचं भोक चार वेळा नव्यानं पाडावं लागलं. शेवटी भोकाऐवजी खाच केली, म्हणजे मागेपुढे सरकवता येते. ज्याच्याकडे बैल नाहीत आणि भाड्यानं आणायला पैसे नाहीत, त्याचा दिवस या वस्तूनं वाचतो. तिला 'जुगाड' म्हटलं की ही सगळी खटपट पुसली जाते. जणू कुणी सहज गंमत म्हणून दोन वस्तू चिकटवल्या.

उलट बाजूही सांगायला हवी. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी जीपसारखी गाडी केली, मोटरसायकलसारखी किक मारून चालू होणारी. २०२१ च्या डिसेंबरमध्ये ती देशभर गाजली. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण त्याबरोबर हेही लिहिलं की नियमांत बसत नसल्यानं ही गाडी आज ना उद्या रस्त्यावर थांबवली जाईल, आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहारांना मिळालीही. तेव्हा बऱ्याच जणांना राग आला होता, 'बघा, गरिबाच्या कलेला नियम आडवे येतात'. मला नाही आला. गाडी करणाऱ्याच्या हाताला माझा मनापासून सलाम आहे, चारचाकी उभी करणं म्हणजे खायचं काम नाही. पण रस्त्यावर समोरून येणाऱ्यानं त्या ब्रेकची परीक्षा का द्यावी? शेतात आणि अंगणात माझा प्रयोग माझा. रस्त्यावर तो दुसऱ्याचाही होतो.

शेतातही 'माझा माझा' म्हणून चालत नाहीच. मळणी यंत्राचं बघा. त्यात इतके हात गेले की १९८३ साली त्यासाठी डेंजरस मशीन्स रेग्युलेशन ॲक्ट नावाचा केंद्राचा कायदा करावा लागला. सुगीच्या घाईत कुणीतरी पट्ट्यावरचं झाकण काढून ठेवतं कारण ते सारखं आवाज करतं, कुणी तोंडावरचा पत्रा कापून मोठा करतं म्हणजे गठ्ठा लवकर आत जाईल. हेही लोखंड कापूनच केलेलं असतं, हेही घरच्या घरीच. तिथे काम करणारी बाई मजुरीवर आलेली असते आणि तिचा पदर, तिचा हात त्या पट्ट्याजवळ असतो. झाकण काढायचं तिला कुणी विचारलेलं नसतं. त्या झाकणाचा आवाज थांबवायचा तर जुन्या टायरच्या ट्यूबची एक पट्टी खाली लावायची, दोन बोल्ट घट्ट करायचे, झालं. भंगाराचं काम आहे ते, दहा मिनिटांचं.

शाळांमधलं 'टाकाऊतून टिकाऊ' मात्र मला कधी पटलं नाही. थर्माकोलचं घर आणि आइस्क्रीमच्या काड्यांचा झोपाळा, प्रदर्शन संपायच्या आत मोडणारा! टाकाऊतून आणखी टाकाऊ. त्यापेक्षा अरविंद गुप्तांचं काम बघा. आयआयटी कानपूरचा माणूस, टेल्कोत नोकरी, आणि १९७८ मध्ये होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात गेल्यावर आगकाडी आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर त्यांनी मुलांना भूमिती शिकवली. पुढे पुण्यात आयुकामध्ये बरीच वर्षं काम केलं. त्यांच्या खेळण्यांत बघा, वस्तू फुकटातली असते, पण ती नळी आणि ती काडी एकमेकांत बरोब्बर घट्ट बसते म्हणूनच निवडलेली असते. फुकट आहे म्हणून काहीही कुठेही चिकटवलेलं नसतं. आणि त्रिकोण दाबला तर हलत नाही, चौकोन हलतो, हे पोराला बोटांनी कळतं. तेच पोर उद्या कूलरच्या स्टँडला तिरपी पट्टी मारेल.

सध्या शेडमध्ये एक कूलर तयार आहे. भाचा लातूरला बारावीच्या क्लाससाठी राहतो. वर पत्रा असलेली खोली, तीन मुलं, एक सॉकेट आणि त्यात अडकवलेला एक्स्टेंशन बोर्ड. मार्चपासून त्याचा धोशा चालू होता, "मामा, कूलर करून द्या ना." केला. ड्रम लोणच्याचा आहे (पहिले आठ दिवस थोडा वास येईल), पंखा चाचांकडचा, मेगरवर तपासलेला, पंप नवीन. पाणी भरायचं नरसाळं बाहेर काढलंय, म्हणजे झाकण उघडायला नको. वर मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'पाणी भरताना पिन काढा.'

न्यायच्या आधी त्याला म्हटलं, ओळखीच्या वायरमनला बोलावून तेवढं तिसरं भोक तपासून घे. परवा त्याचा फोन आला. "मामा, मागे वायरच नाही." मग घरमालकांशी मीच बोललो. माणूस भला आहे, म्हणाले, पुढच्या महिन्यात सगळ्या खोल्यांचं अर्थिंग करून घेतो, आरसीसीबीचंही बघतो. मी म्हटलं, बरं, मग कूलरही पुढच्या महिन्यातच आणतो. भाचा माझ्यावर चिडलाय. तोवर रात्री गच्चीवर झोप म्हणून सांगितलंय, आणि आरसीसीबीचे अर्धे पैसे मी देतो असं मालकांना काल कळवलंय.